आमच्या पश्चात याचे कोण?

काही महिन्यांपूर्वी एक वृद्ध गृहस्थ आमच्या कार्यालयात आले होते. वय ७८, बँकेतून निवृत्त. तरुणपणी शाखेचे मुख्यशिक्षक, आणीबाणीत सत्याग्रह करून कारावास भोगलेले आणि या साप्ताहिकाचे जुने वर्गणीदार. सोबत त्यांचा ४६ वर्षांचा मुलगा होता. जन्मतःच डाउन्स सिंड्रोम असलेला हा मुलगा आत येताच सर्वांना हात जोडून नमस्कार करून एका खुर्चीत शांत बसून राहिला. थोडे इकडचे तिकडचे बोलणे झाल्यावर त्या गृहस्थांनी पिशवीतून एक शंभर पानी वही काढली. तिच्यात मुलाचे सगळे आयुष्य नोंदवलेले होते. सकाळी किती वाजता उठतो, कोणत्या औषधाची अर्धी गोळी आणि कोणत्या औषधाची पूर्ण, कुकरच्या शिट्टीला घाबरतो म्हणून आधी सांगावे लागते, ताकभात आवडतो पण दुधाने पोट बिघडते, रात्री दिवा पूर्ण मालवलेला चालत नाही. सुवाच्य अक्षरातील ती पाने चाळून आम्ही वही परत केली, तेव्हा ते म्हणाले, "लिहून सगळं झालंय. ही वही द्यायची कुणाला, तेवढंच ठरत नाही." थोडे थांबून ते पुढे म्हणाले, "आमची ही रोज तिन्हीसांजेला देवापुढे दिवा लावते आणि एकच मागते. याला आमच्या आधी एक दिवस ने."

आपल्या पोटच्या मुलाला मृत्यू यावा म्हणून आईने देवाला साकडे घालावे, यापरते दुःख कोणते? आणि हे दुःख एका घरापुरते नाही. मतिमंद, स्वमग्न, सेरेब्रल पाल्सीग्रस्त किंवा बहुविकलांग अपत्य असलेल्या कोणत्याही घरात विश्वास संपादन करून बसा, चहाचा दुसरा पेला येईपर्यंत हेच वाक्य थोड्याफार फरकाने ऐकू येते. ज्या समाजात अशी प्रार्थना घरोघर होते, त्या समाजाने आपल्या कुटुंबव्यवस्थेचे गोडवे गाण्यापूर्वी क्षणभर थांबावयास हवे, असे आम्हाला वाटते. आजचा हा अग्रलेख त्या थांबण्यासाठी आहे.

प्रश्न किती मोठा आहे? २०११ च्या जनगणनेनुसार देशात २ कोटी ६८ लाख विकलांग व्यक्ती होत्या, त्यांपैकी साडेएकोणतीस लाखांहून अधिक एकट्या महाराष्ट्रात. ज्यांची मतिमंद म्हणून नोंद झाली त्यांची देशातील संख्या १५ लाख आणि मनोरुग्णांची सुमारे सव्वासात लाख. ज्या देशात घरी आलेल्या प्रगणकापासून असे मूल लपवून ठेवण्याची वृत्ती अद्याप पुरती गेलेली नाही, त्या देशात हे आकडे वास्तवापेक्षा कमीच असणार, हे सांगावयास नकोच.

तथापि केवळ संख्येने हा प्रश्न गंभीर झालेला नाही. त्याला आणखी एक कारण आहे आणि ते वरकरणी आनंदाचे आहे. पूर्वी अशी मुले फार जगत नसत. हृदयाचे दोष, फुप्फुसांचे संसर्ग यांमुळे बहुतेकांची जीवनयात्रा बालपणी वा तारुण्यात संपत असे. अमेरिकेत १९८३ साली डाउन्स सिंड्रोम असलेल्या व्यक्तीचे सरासरी आयुर्मान २५ वर्षांच्या आसपास होते, आज ते ६० च्या घरात आहे. आपल्याकडेही शस्त्रक्रिया, प्रतिजैविके आणि आईबापांची अहोरात्र निगा यांमुळे ही मुले प्रौढ होत आहेत, वृद्ध होत आहेत. मानवी इतिहासात प्रथमच अशी पिढी निर्माण झाली आहे, जी आपल्या मातापित्यांच्या पश्चात वीस-पंचवीस वर्षे जगणार आहे. वैद्यकशास्त्राने आपले काम केले. आता समाजाने आपले काम करावयाचे आहे आणि त्यासाठी तो सज्ज नाही.

सज्ज का नाही? कारण 'एकत्र कुटुंब आहेच की' या गृहीतावर आपण निर्धास्त राहिलो. ते गृहीत कधी काळी खरेही होते. आजोळच्या वाड्यात एखादा भोळसट मामा, एखादी न बोलणारी आत्या असे. विहिरीचे पाणी शेंदणे, गाईला चारा घालणे, देवाची फुले खुडणे अशी कामे ती माणसे करीत, पंगतीला बसत आणि त्याच घरात डोळे मिटत. त्यांच्यासाठी योजना, न्यास, समिती यांपैकी काहीही लागत नसे. वाडा हाच त्यांचा न्यास होता. परंतु तो वाडा पडला. त्या जागी पाच मजली इमारत उभी राहिली आणि वाटणीत प्रत्येकाला दोन खोल्या आल्या. एक मुलगा बंगळुरूला, मुलगी न्यू जर्सीला आणि दोन खोल्यांत सत्तरी ओलांडलेले आईवडील आपल्या पन्नाशीला टेकलेल्या 'बाळा'सह. हे चित्र आज डोंबिवलीत आहे, सदाशिव पेठेत आहे आणि मडगावातही आहे.

येथे आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. वाड्यातील त्या भोळसट मामाची शुश्रूषा 'कुटुंबव्यवस्था' नावाची कोणी अमूर्त शक्ती करीत नव्हती. ती करीत होती घरातील एखादी स्त्री. धाकटी सून, विधवा बहीण किंवा थकलेली आई. तिला कोणी विचारले नव्हते आणि तिचे कोणी आभारही मानले नव्हते. आजची सून नोकरी करते, तिला आपले मत आहे आणि ते असणे योग्यच आहे. तेव्हा 'आजकालच्या मुली कुठे करतात?' असा सुस्कारा टाकून हा प्रश्न सुटणारा नाही. जो भार एका मूक स्त्रीच्या खांद्यावर होता, तो आता समाजाने वाटून घ्यावयाचा आहे. परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्यांनी तर तो आधी उचलावयास हवा.

परंपरेचा विषय निघालाच आहे, तर तिच्याकडे डोळसपणे पाहणे इष्ट. अष्टावक्राच्या आठ ठिकाणी वाकलेल्या देहाला हसणाऱ्या पंडितांना जनकाच्या सभेत खाली मान घालावी लागली, ही आपलीच कथा. वयाच्या नवव्या महिन्यात दृष्टी गमावलेल्या गुलाबराव महाराजांना विदर्भाने 'प्रज्ञाचक्षू' म्हणून वंदिले, हाही आपलाच इतिहास. परंतु त्याच परंपरेच्या स्मृतिग्रंथांनी जन्मांध, बधिर, मूक, उन्मत्त आणि जड यांना पित्याच्या धनात वाटा नाकारला होता, हेही तितकेच खरे. अर्थात मनुस्मृतीने त्याच ठिकाणी दुसरी आज्ञाही दिली आहे. ज्यांना वाटा मिळतो त्यांनी या सर्वांना यथाशक्ती अन्नवस्त्र पुरवावे, न पुरवणारा पतित होय. याचा अर्थ असा की, वाटा नाकारणाऱ्या शास्त्राने पोषणाचे दायित्व वारसांच्या माथी बांधले होते.

काळ बदलला. १९२८ च्या कायद्याने बहुतेक व्यंगांमुळे येणारी वारसाची अपात्रता दूर केली, मात्र जन्मतः वेडसर वा जडबुद्धी असलेल्यांना तेव्हाही वगळले. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाने, त्याच्या कलम २८ ने, हा उरलेला डागही पुसला. आज रोग, व्यंग किंवा शारीरिक वैगुण्य यांमुळे कोणाही हिंदूचा वारसाहक्क नष्ट होत नाही. भावाला जेवढा वाटा, तेवढाच मतिमंद बहिणीलाही. ही सुधारणा निःसंशय स्वागतार्ह आहे. परंतु तिने एक विचित्र परिस्थिती निर्माण केली. हक्क आला, पण तो बजावण्याची क्षमता ज्याच्यापाशी नाही त्याच्या वतीने तो कोण बजावणार? आणि पोषणाचे जे दायित्व जुन्या शास्त्राने वारसांवर टाकले होते, त्याचे काय झाले? स्वतःचा निर्वाह करू न शकणाऱ्या सज्ञान विकलांग अपत्याला पोसण्याची जबाबदारी कायद्याने आईवडिलांवर टाकली आहे. त्यांच्या पश्चात भावाबहिणींवर अशी थेट जबाबदारी कायदा टाकत नाही. तेथे उरतो तो केवळ धर्म. धर्म म्हणजे येथे कर्तव्य, आणि ते प्रत्येकाच्या सदसद्विवेकावर सोपवलेले.

म्हणूनच वाटणीच्या वेळी काय काय घडते, ते वकिलांना विचारावे. ज्याला कागदावर काय लिहिले आहे हे उमजत नाही, त्याचा अंगठा हक्कसोडपत्रावर उमटतो. वास्तविक १८७२ च्या करार कायद्यानुसार ज्याला व्यवहाराचे आकलनच नाही, त्याने केलेला करार शून्यवत असतो. पण न्यायालयात जाऊन तसे म्हणणार कोण? ज्याची फसवणूक झाली त्याला ती झाल्याचेही कळलेले नसते. याहून निर्धोक फसवणूक दुसरी नाही, आणि म्हणूनच याहून मोठे पापही नाही.

मग उपाय काहीच नाही का? आहे, आणि तो बहुसंख्य पालकांना ठाऊक नाही, ही खरी शोकांतिका आहे. १९९९ साली, अटलजींच्या पंतप्रधानपदाच्या काळात, संसदेने राष्ट्रीय न्यास अधिनियम संमत केला. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता या चार अवस्थांसाठी हा कायदा आहे. त्यामागे देशभरातील पालकसंघटनांनी वर्षानुवर्षे केलेला पाठपुरावा होता. आईवडिलांच्या वा पालकाच्या मृत्यूनंतर अशा व्यक्तीची काळजी आणि संरक्षण यांसाठी उपाययोजना करणे, हे या न्यासाचे उद्दिष्ट म्हणून कायद्यातच नमूद आहे. तिन्हीसांजेच्या त्या प्रार्थनेला संसदेने दिलेले हे उत्तर होते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

या कायद्याची मुख्य तरतूद पालकत्वाची आहे. मूल १८ वर्षांचे झाले की कायद्याच्या दृष्टीने ते सज्ञान होते आणि आईवडिलांचे नैसर्गिक पालकत्व संपते. मुलाची आकलनशक्ती चार वर्षांच्या बालकाएवढी असली, तरी त्याच्या वतीने सही करण्याचा अधिकार त्यानंतर आपोआप राहत नाही. बँकेत, निबंधकाच्या कार्यालयात किंवा विम्याच्या दाव्याच्या वेळी ही गोष्ट अचानक समोर उभी ठाकते आणि पालक गांगरतात. १९९९ च्या कायद्यान्वये प्रत्येक जिल्ह्यासाठी स्थानिक स्तर समिती असते. जिल्हाधिकारी, नोंदणीकृत स्वयंसेवी संस्थेचा प्रतिनिधी आणि एक विकलांग व्यक्ती असे तिचे स्वरूप. आईवडील वा नातेवाईक या समितीकडे अर्ज करून आपल्या पसंतीच्या व्यक्तीची कायदेशीर पालक म्हणून नियुक्ती मागू शकतात. नियुक्त पालकाने सहा महिन्यांच्या आत त्या व्यक्तीच्या मालमत्तेची यादी सादर करावयाची असते आणि पुढे दरवर्षी हिशेब द्यावयाचा असतो. हेळसांड वा अपहार झाल्यास त्याला दूर करण्याची तरतूदही आहे. या समितीने दिलेले पालकत्वाचे प्रमाणपत्र बँकांनी खाते उघडण्यासाठी ग्राह्य धरावे, असे रिझर्व्ह बँकेने २००७ सालीच कळवले आहे. 'निरामय' ही न्यासाची आरोग्य विमा योजना वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारखर्चाचे संरक्षण देते.

दुसरा आधार निवृत्तिवेतनाचा. केंद्र सरकारी कर्मचाऱ्याच्या, उपजीविका करू न शकणाऱ्या विकलांग अपत्याला आईवडिलांच्या पश्चात आजीवन कुटुंब निवृत्तिवेतन मिळते, आणि निवृत्तिवेतनाच्या आदेशात त्याचे नाव पालकांच्या हयातीतच नोंदवून घेता येते. भविष्य निर्वाह निधीशी जोडलेल्या १९९५ च्या निवृत्तिवेतन योजनेतही कायमस्वरूपी पूर्ण विकलांग अपत्याला आजीवन वेतनाची सोय आहे. पण वडील गेल्यावर, आईही गेल्यावर, वयाच्या पन्नाशीत वैद्यकीय प्रमाणपत्रासाठी त्या अपत्याला कचेऱ्यांतून फिरवणार कोण? जे काम हयातीत दोन फेऱ्यांत होते, ते पश्चात दोन वर्षांतही होत नाही.

तिसरा आधार मृत्युपत्र आणि खाजगी विश्वस्तनिधी यांचा. बहुतेक मध्यमवर्गीय घरांत मृत्युपत्र हा शब्द अशुभ मानला जातो. ज्या घरात विकलांग अपत्य आहे, त्या घराला हा संकोच परवडणारा नाही. थेट अपत्याच्या नावे घर व ठेवी ठेवल्या, तर त्या सांभाळण्याची क्षमता त्याच्यापाशी नाही. सगळे भावाच्या नावे करून 'तू याला बघ' म्हणावे, तर भावाच्या मृत्यूनंतर, कर्जबाजारीपणात वा घटस्फोटात ती मालमत्ता कोणाकडे जाईल याचा नेम नाही. याला मधला मार्ग म्हणजे १८८२ च्या भारतीय विश्वस्त कायद्याखाली खाजगी न्यास. मालमत्ता विश्वस्तांच्या हाती, पण लाभ केवळ त्या अपत्याचा आणि खर्च कशासाठी करावयाचा हे दस्तऐवजात लिहिलेले. विश्वस्त एक नसावा, तिघे असावेत. त्यातील दोघे तरी पालकांहून एक पिढी लहान असावेत. आणि जो प्रत्यक्ष सांभाळ करणार, त्याच्याच हाती पैशाच्या सगळ्या किल्ल्या देऊ नयेत. हा अविश्वास नव्हे, ही व्यवहारनीती आहे. सज्जनालाही हिशेबाचे बंधन असले म्हणजे त्याचे सौजन्य टिकते.

या सर्वांआधी एक काम आहे. त्याला कागद लागत नाही, फक्त धैर्य लागते. ते म्हणजे दुसऱ्या अपत्याशी मोकळेपणाने बोलणे. 'तो करेलच' असे गृहीत धरून, त्याच्या पत्नीला न विचारता, मृत्युशय्येवर वचन घेणे म्हणजे त्याच्यावर अन्याय आणि त्या विकलांग अपत्यावरही. जे नाते ओझ्यातून येते त्यात माया उरत नाही. भावंड परदेशात असेल, तर ते पैशाची जबाबदारी घेऊ शकते आणि येथील आतेभाऊ देखरेखीची. कोण काय करील, हे आज ठरावे. भावंडानेही 'बघू पुढचं पुढे' म्हणून टाळू नये. पुढचे पुढे येते, ते बहुधा मध्यरात्री दूरध्वनीवरून येते.

आता शासनाकडे वळू. १९९५ चा अपंग व्यक्ती अधिनियम गेला आणि २०१६ चा दिव्यांग हक्क अधिनियम आला. मान्य प्रवर्गांची संख्या २१ झाली. २००७ साली भारताने संयुक्त राष्ट्रांच्या विकलांग हक्क कराराला मान्यता दिली होती, तिचे हे फलित. महाराष्ट्राने २०२२ साली स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग स्थापन केला. संजय गांधी निराधार अनुदान योजनेखाली दिव्यांगांना मिळणारे दरमहा १५०० रुपये २५०० करण्याचा निर्णय २०२५ साली झाला. या गोष्टींचे श्रेय द्यावयास हवे. परंतु 'अपंग'चा 'विकलांग' झाला, 'विकलांग'चा 'दिव्यांग' झाला, तरी आईच्या प्रार्थनेतला शब्द बदलला नाही, हेही शासनकर्त्यांनी ध्यानी घ्यावे. स्थानिक स्तर समितीने किमान दर तीन महिन्यांनी भेटावे, असे कायदा म्हणतो. आपल्या जिल्ह्यात ती शेवटची कधी भेटली, हे वाचकांनी चौकशी करून पाहावे. राष्ट्रीय न्यासाला कायद्याने दिलेला मूळ निधी १०० कोटींचा होता. पंचवीस वर्षांपूर्वी ती रक्कम मोठी वाटली असेल, आज एखाद्या उड्डाणपुलाचा खर्चही तिच्याहून अधिक असतो. आजीवन निवाऱ्यासाठी आखलेल्या 'घरौंदा'सारख्या योजनेतील घरे गरजेच्या मानाने अत्यल्प आहेत.

याखेरीज कायद्यातच एक मोठी फट राहून गेली आहे. राष्ट्रीय न्यासाच्या कक्षेत मनोरुग्ण येत नाहीत. स्किझोफ्रेनियाने ग्रस्त मुलाच्या आईवडिलांना स्थानिक स्तर समितीचे दार बंद आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाने उपचारांपुरता नामनिर्देशित प्रतिनिधी दिला. पण १९८७ च्या जुन्या कायद्यात मालमत्तेच्या व्यवस्थापनाची जी तरतूद होती, ती नव्या कायद्यात उरली नाही. त्या पालकांनी जावे कोठे? प्रत्येकाने उच्च न्यायालयाची पायरी चढावी, हे काही उत्तर नव्हे. केंद्र सरकारने ही उणीव दूर करावी, अशी आमची स्पष्ट मागणी आहे.

निवासी संस्थांचा प्रश्न याहून नाजूक आहे. तमिळनाडूत एरवाडी येथे ऑगस्ट २००१ मध्ये साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण आगीत होरपळून मेले. २०११ साली आपल्याच राज्यात, पनवेलजवळच्या कळंबोलीतील एका आश्रमात मतिमंद मुलींवर झालेले अत्याचार उघडकीस आले. ज्याला तक्रार करता येत नाही, त्याच्यासाठी बंद दाराइतके भयंकर दुसरे काही नाही. म्हणून संस्था निवडताना इमारतीची फरशी पाहू नये. पूर्वसूचना न देता भेटू देतात का, रात्री किती माणसे असतात, दिवसभर हाताला काम असते का, हिशेब खुले आहेत का आणि व्यवस्थापनात पालक आहेत का, हे पाहावे.

आशेचा किरण तेथेच आहे. या महाराष्ट्रात जे उत्तम काम उभे राहिले, ते बहुतांशी पालकांनी आणि पालकांच्या वेदनेशी एकरूप झालेल्यांनी उभे केले. नाशिकमध्ये १९७७ साली रजनीताई लिमये यांनी 'प्रबोधिनी'चे रोपटे लावले, ते स्वतः अशा मुलाची आई असल्यामुळे. बदलापूरची 'आधार' आणि डोंबिवलीजवळ खोणी येथील 'घरकुल' या संस्था पालकांनीच एकत्र येऊन उभारल्या. लातूरजवळ हरंगुळ येथे जनकल्याण समितीचे 'संवेदना' केंद्र सेरेब्रल पाल्सीग्रस्त मुलांसाठी काम करीत आहे. संघप्रेरणेतून २००८ साली नागपुरात स्थापन झालेली 'सक्षम' ही संघटना देशभर विकलांगांमध्ये कार्यरत आहे. आणि अमरावती जिल्ह्यातील वझ्झरचे शंकरबाबा पापळकर! रेल्वे स्थानकांवर, बसस्थानकांवर, उकिरड्यांवर टाकून दिलेल्या विकलांग मुलांना त्यांनी आपले नाव दिले. २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची मागणी मात्र पुरस्काराची कधीच नव्हती. बालगृहातील मूल अठरा वर्षांचे झाले की कायदा त्याला बाहेरची वाट दाखवतो. मतिमंद, निराधार मुलाने त्या दिवशी जावे कोठे, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा सवाल आहे. ज्यांना आईबाप होते त्यांच्यासाठी हा प्रश्न साठाव्या वर्षी येतो, ज्यांना नव्हतेच त्यांच्यासाठी अठराव्या. प्रश्न एकच आहे.

या संस्था आदरास पात्र आहेत, पण त्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आहेत आणि त्यांच्या दाराशी प्रतीक्षायादी आहे. म्हणून आता कार्यकर्त्यांना उद्देशून दोन शब्द. संघाच्या शताब्दीच्या निमित्ताने 'पंच परिवर्तना'त कुटुंब प्रबोधनाचा आग्रह धरला गेला. कुटुंब प्रबोधन म्हणजे केवळ आठवड्यातून एकदा एकत्र भोजन आणि भजन नव्हे. आपल्या वस्तीत असे किती कुटुंब आहेत, ज्यांना लग्नकार्याचे बोलावणे येते पण 'बाळाला घेऊन या' असे कोणी म्हणत नाही, हे आपल्याला ठाऊक आहे काय? प्रत्येक वस्तीची एक यादी व्हावी. आपल्यात निवृत्त बँक अधिकारी आहेत, वकील आहेत, सनदी लेखापाल आहेत. त्यांनी महिन्यातून एक रविवार द्यावा. कोणाचे ओळखपत्र राहिले, कोणाचा पालकत्वाचा अर्ज राहिला, कोणाचे मृत्युपत्र राहिले, हे पाहून ते पुरे करावे. त्या आईला नातीच्या बारशाला जाता यावे म्हणून कोणी दोन दिवस तिच्या मुलाजवळ राहावे. पाचसात कुटुंबांनी मिळून विश्वस्तनिधी करावा, म्हणजे एक घर विझले तरी उरलेली घरे जागी राहतील. आणि प्रत्येक विकलांग बांधवाचे किमान एक मित्रकुटुंब असावे. ते रक्ताचे नसले तरी चालेल, पण दर पंधरवड्याला त्याच्या दारात जाणारे आणि 'कसा आहेस रे?' म्हणून विचारणारे असावे. संस्थेत राहणाऱ्या माणसाला कोणीतरी भेटायला येते, ही एकच गोष्ट त्याच्या सुरक्षिततेची सर्वांत मोठी हमी असते.

यात उपकाराची भावना नको. मागल्या जन्मीच्या पापाचे फळ म्हणून या आईवडिलांकडे पाहणारी दृष्टी जशी त्याज्य, तशीच 'बिचारे' म्हणून सुस्कारणारी दृष्टीही त्याज्य. समाज हा पुरुष आहे, आपण सारे त्याचे अवयव आहोत, असे आपण बौद्धिकांतून सांगत आलो. पायात काटा रुतला तर हात तो काढण्यासाठी आभाराची अपेक्षा करीत नाही. संघटित समाज म्हणजे काय, याची कसोटी संचलनाच्या शिस्तीत लागते, त्याहून अधिक ती या दोन खोल्यांच्या घरात लागते.

ते गृहस्थ निघताना त्यांच्या मुलाने पुन्हा सर्वांना नमस्कार केला. आमच्या एका तरुण सहकाऱ्याने, जो त्याच उपनगरात राहतो, ती वही वाचायला मागितली. आठवड्याने परत देईन म्हणाला. तो आता दर रविवारी सकाळी त्या घरी जातो. कायदेशीर पालकत्वाचा अर्ज गेला आहे, विश्वस्तांची तीन नावे ठरली आहेत, त्यात न्यू जर्सीच्या बहिणीचेही आहे. प्रश्न संपला असे नाही. पण वही कुणाला द्यायची, हे त्या घरापुरते ठरले आहे. अशा आणखी कितीतरी वह्या आपल्या अवतीभवती लिहिल्या जात आहेत. त्या मागून घेण्यासाठी पुढे होणारे हात हवे आहेत.